कार्ल्याचें चैत्यगृह आणि बिनतारी प्रकाश

लोणावळ्याहून पुण्याकडे येतांना मळवली स्टेशन लागतें. त्याच्या उत्तरेच्या डोंगरांत कार्ल्याचीं लेणीं आहेत. एकवीरेच्या देवळाशेजारून चैत्यगृहांत शिरणाऱ्याला प्रथम काळोखच दिसतो. मग डोळा सरावतो आणि ओळीनें उभे असलेले खांब, त्यांवरील गुडघे टेकलेले हत्ती, हत्तींवरचीं जोडपीं, शेवटीं स्तूप, असें एकेक उमटूं लागतें. कॅमेरा असा सरावत नाहीं. डोळ्याला जें हळूहळू दिसतें, तें चित्रांत एकदम कसें आणावें, हा येथला प्रश्न आहे.

पहिला उपाय सुचतो तो कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा. तो दोन कारणांनीं फसतो. दालन सुमारें 124 फूट लांब आहे आणि प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत उणा होतो. पांच फुटांवरच्या खांबाला जितका प्रकाश मिळतो, त्याचा चौथा हिस्सा दहा फुटांवर आणि अवघा चौसष्टावा हिस्सा चाळीस फुटांवर पोहोंचतो. परिणामीं पुढचा खांब पांढराफटक आणि स्तूप काळाठिक्कर! दुसरें कारण असें कीं, कोरीवकाम सावलीनें ओळखूं येतें. भिंतीवरील गिलाव्याचे उंचवटे समोरच्या दिव्यानें दिसत नाहींत. दिवा कडेला धरला कीं प्रत्येक उंचवट्यामागें सावली उभी राहते.

म्हणून कॅमेऱ्यापासून दूर, निरनिराळ्या जागीं चार-पांच लहान फ्लॅश ठेवावे लागतात. पूर्वी अशा दिव्यांना तारा जोडाव्या लागत. पुढें एका दिव्याच्या झोतानें दुसरा पेटण्याची युक्ति निघाली. पण मध्यें दगडी खांब आला कीं ती निकामी ठरते. आतां कॅमेऱ्यावर छोटा प्रेषक बसवितात. त्याच्या लहरी आकाशवाणीच्या लहरींच्याच जातीच्या, मात्र बहुधा सेकंदाला सुमारें 240 कोटी आंदोलनांच्या असतात. भिंतींवरून परतत त्या खांबांआडच्या दिव्यांपर्यंतही पोहोंचतात आणि सारे दिवे एकाच क्षणीं पेटतात. प्रत्येक दिव्याचें बळ निराळें, पूर्ण, चतुर्थांश किंवा षोडशांश, असें ठेवतां येतें.

काम क्रमानें करावें. कॅमेरा तिपाईवर ठेवून प्रथम एकही फ्लॅश न लावतां चित्र घ्यावें. दरवाजावरील कमानदार गवाक्षांतून येणारा दिवसाचा उजेड त्यांत किती उतरतो, हें पाहावें. शटर अधिक वेळ उघडें ठेवल्यास हा उजेड वाढतो. फ्लॅशचा मात्र वाढत नाहीं, कारण तो सेकंदाच्या दोनशेंव्या भागाच्याही आंत संपतो. त्यानंतर दिवे एकेक करून वाढवावे: दोन्ही बाजूंच्या पडव्यांत खांबांआड मंद दिवे, म्हणजे खांब भिंतीपासून सुटे दिसतात, हत्तींसाठीं एका बाजूनें, उंचावरून येणारा दिवा, आणि एक स्तूपाकडे. लेण्याचें तोंड पश्चिमेस असल्यानें उतरत्या दुपारचा प्रकाश पिवळसर येतो. फ्लॅशचा प्रकाश त्याहून निळसर असल्यानें त्यावर फिकट पिवळा पारदर्शक कागद लावावा.

तिपाई आणि दिवे नेण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी. दिवा कोरीवकामाला टेकवूं नये. देवदर्शनास आलेल्यांची वाट अडवूं नये.

दिवे पुष्कळ मिळाले म्हणजे सगळेंच उजळण्याचा मोह होतो. तो आवरला नाहीं, तर लेण्याचें सभागृह होतें. कोरणाऱ्यांनीं हें दालन एका गवाक्षाच्या प्रकाशासाठीं घडविलें. छतांतील सुमारें दोन हजार वर्षांच्या लांकडी फासळ्या आजही त्याच उजेडांत दिसतात. छायाचित्रकाराच्या दिव्यांनीं त्या प्रकाशाची साथ करावी. गाणें त्याचेंच राहूं द्यावें. चित्र पाहणाऱ्याला दिवे कोठें होते हें कळलें नाहीं, आणि काळोखाचा थोडा भाग तसाच उरला, तर काम साधलें.