प्रकाशवर्षाची लोकप्रियता आणि पारसेकची मेहनत

प्रकाशवर्ष हे वर्ष नव्हे, अंतर आहे: प्रकाश वर्षभरात कापतो ते, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. शाळेत हे सगळेच शिकतात, तरी ‘प्रकाशवर्षांपूर्वीची गोष्ट’ असं लिहिणारे भेटतातच. असो.

त्याहून चिवट गैरसमज असा, की प्रकाशाला लागलेला वेळ मोजून शास्त्रज्ञ ताऱ्याचं अंतर काढतात. पण किरण ताऱ्यावरून केव्हा निघाला, याची नोंद ठेवणार कोण? जवळच्या ताऱ्यांच्या बाबतीत मोजला जातो तो कोन. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे पोचते, तेव्हा असा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. समोर धरलेलं बोट आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याने पाहावं, तसं. या सरकण्याचा निम्मा कोन म्हणजे पराशय. तो एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग भरला, तर तारा एक पारसेक दूर; कोन निम्मा, तर अंतर दुप्पट. एक पारसेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं.

कोन किती बारीक असतो पाहा. १८३८ मध्ये फ्रीडरिश बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या ‘६१ सिग्नी’चा पराशय मोजला, तो विकलेच्या एक तृतीयांशाहूनही कमी निघाला. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी. त्याचाही पराशय ०.७७ विकलाच. पारसेक कोनातून थेट निघतो, म्हणून खगोलशास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांत तोच दिसतो. प्रकाशवर्ष उरतं तुम्हा-आम्हाला सांगण्यापुरतं. ‘स्टार वॉर्स’मधल्या हान सोलोने यानाच्या वेगाची फुशारकी पारसेकमध्ये मारली, तेव्हा मात्र जाणकारांनी कपाळावर हात मारला!

‘खगोलीय एकक म्हणजे पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर’ हेही अर्धसत्य. ते अंतर जानेवारीत १४.७ कोटी, तर जुलैत १५.२ कोटी किलोमीटर असतं. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१२ मध्ये एककाचं मूल्यच कायमचं ठरवून टाकलं: १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर. पृथ्वी कुठेही असो, आकडा हलत नाही.

अतिदूरच्या दीर्घिकांच्या बातम्या मात्र जपून वाचा. ‘१३०० कोटी प्रकाशवर्षं दूर’ असं छापलेलं असतं, तेव्हा प्रकाशाने १३०० कोटी वर्षं प्रवास केला, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. त्या काळात विश्व प्रसरण पावत राहिलं. ती दीर्घिका आज त्याच्या दुपटीहून अधिक दूर आहे.