कळलावी

(खड्यानाग, नागकरिया, हिं. कलिहारी, गु. दूधियो वछनाग, त. कार्तिगै, कलप्पैक्किळंगु, सं. लांगली, कलिकारी, अग्निशिखा, विशल्या, गर्भनुत्, लॅ. ग्लोरिओसा सुपर्बा, कुल – कॉल्चिकेसी, पूर्वी लिलिएसी). पावसाळ्यात जमिनीतील कंदापासून उगवणारी ही वेल भारतात बहुतेक सर्वत्र, तसेच श्रीलंका, ब्रह्मदेश आणि आफ्रिकेचा उष्ण प्रदेश येथे आढळते. महाराष्ट्रात कोकण व सह्याद्रीप्रमाणेच वऱ्हाडातही ती रानात, कुंपणांवर व झुडपांच्या आधाराने वाढते. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याचा परिसर आणि त्याखालील डोंगरपायथ्याची राने हे तिच्या वाढीस अनुकूल प्रदेश होत. देखणे फूल, विषारी कंद आणि त्या कंदाभोवती जमलेल्या प्रसूतिविषयक समजुती यांमुळे लोकवैद्यकाच्या अभ्यासात या वनस्पतीस विशेष स्थान आहे.

वनस्पतिवर्णन : खोड नाजूक व ३ ते ६ मी. लांब असते. पाने बिनदेठाची, लांबट व टोकाशी निमुळती असून प्रत्येक पानाचे टोक तणाव्यासारखे गुंडाळलेले असते व त्याच्या आधारे वेल वर चढते. फुले मोठी, एकेकटी आणि साधारणतः ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात येतात. त्यांची सहा परिदले अरुंद, काठाशी नागमोडी व मागे वळलेली असतात. ती प्रथम हिरवट, मग पिवळी, नारिंगी व शेवटी लालभडक होतात. त्यामुळे एकाच वेलीवर निरनिराळ्या रंगांची फुले दिसतात. केसरदले सहा, किंजल तळाशी जवळजवळ काटकोनात वळलेला असतो. फळ (बोंड) तीन कप्प्यांचे, बिया गोल व तांबूस. हिवाळ्यात वेल वाळून जाते आणि कंद पुढील पावसाळ्यापर्यंत जमिनीत सुप्त राहतो. कंद दंडगोलाकार व बहुधा दुभंगलेला असून त्याच्या दोन शाखांमध्ये कोन असतो. लोकवैद्यकात दुभंगलेला कंद ‘नर’ आणि अखंड कंद ‘मादी’ मानतात. या भेदास वनस्पतिशास्त्रीय आधार नाही.

नावांचा अर्थ : या वनस्पतीच्या नावांतच तिच्या उपयोगाचा इतिहास साठविलेला आहे. कंदाचा आकार नांगरासारखा म्हणून ती ‘लांगली’. तमिळमधील ‘कलप्पैक्किळंगु’ या नावाचाही अर्थ ‘नांगराचा कंद’ असाच आहे. फूल ज्वाळेसारखे म्हणून ‘अग्निशिखा’. शरीरात रुतलेले शल्य, म्हणजे काटा अथवा बाणाचे टोक, बाहेर काढणारी म्हणून ‘विशल्या’ आणि गर्भ ढकलून बाहेर काढणारी म्हणून ‘गर्भनुत्’. अडलेला गर्भ हेही प्राचीन शल्यतंत्रात एक शल्यच मानलेले असल्याने ही शेवटची दोन नावे एकाच कल्पनेची दोन रूपे ठरतात. मराठी ‘कळलावी’ या नावाचा अर्थ प्रसूतीच्या कळा सुरू करणारी असा होतो. तथापि ‘कळ’ याचा दुसरा अर्थ भांडण; त्यामुळे कळलावीचे मूळ वा फूल घरात आणले अथवा कोणी आढ्यात खोचून ठेवले, तर त्या घरात कलह माजतो, अशीही समजूत रूढ झाली. भांडणे लावणाऱ्या माणसास ‘कळलाव्या’ म्हणतात. उलट कोकणात गौरी-गणपतीच्या दिवसांत हेच फूल पूजेत वापरतात. एकाच वनस्पतीस एके ठिकाणी मंगल व दुसऱ्या ठिकाणी अमंगल ठरविण्यात केवळ शब्दाचा श्लेषही पुरेसा होतो, याचे हे उदाहरण होय.

प्रसूतीतील उपयोग : सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, प्रसूतीनंतर वार पडत नसल्यास लांगलीच्या मुळाचा कल्क स्त्रीच्या तळहातांस व तळपायांस लावावा, असे सांगितले आहे. अडलेल्या प्रसूतीत हिरण्यपुष्पी नावाच्या वनस्पतीचे मूळ हातापायांस बांधण्याचा विधीही त्याच अध्यायात आहे. ही वनस्पती म्हणजे लांगलीच होय, असे एक मत आहे. पुढील काळातील लोकाचार या दोन विधींशी जुळता आहे. सुईणी कंद उगाळून त्याचा लेप बेंबीभोवती, ओटीपोटावर अथवा तळपायांस लावीत. किंवा कंदाचा तुकडा दोऱ्याने कमरेस, मांडीस अथवा केसांत बांधीत. मूल जन्मताच तो तत्काळ सोडावा, नाही तर मुलामागोमाग गर्भाशयही बाहेर ओढले जाईल, असा कडक नियम असे. आघाड्याच्या मुळाविषयीही हाच आचार व हाच निर्बंध आढळतो.

कंद खणून आणण्याचेही विधी असत. औषधी मूळ शक्यतो रविवारी पुष्य नक्षत्र असताना काढावे, आदल्या सायंकाळी झाडापुढे अक्षता व सुपारी ठेवून त्यास आमंत्रण द्यावे, काढताना लोखंड लावू नये व स्वतःची सावली त्यावर पडू देऊ नये, अशा स्वरूपाचे हे संकेत अनेक औषधी मुळांना लागू असून कळलावीपुरते मर्यादित नाहीत.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मूळ बांधण्याचा विधी व मूळ पोटात देण्याचा उपचार यांत मूलतः फरक आहे. पहिल्यात पदार्थाचा शरीराशी केवळ बाह्य संबंध येतो आणि परिणाम साधर्म्य व स्पर्श यांच्या बळावर होईल, असे गृहीत धरलेले असते. जेम्स फ्रेझर यांनी गोल्डन बाउ (१८९०) या ग्रंथात यातुविद्येची जी दोन तत्त्वे मांडली, ती येथे एकत्र दिसतात. नांगर भुई उकलतो, त्याप्रमाणे नांगराच्या आकाराचा कंद गर्भमार्ग उकलील ही साधर्म्याची कल्पना. आणि अंगास चिकटून असेतोवर तो ओढीतच राहील ही स्पर्शाची. प्राचीन ग्रीक व रोमन लोक ‘गरुडाश्म’ नावाचा पोकळ दगड याच हेतूने प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या मांडीस बांधीत आणि मूल जन्मताच सोडीत. दगडात कोणतेही औषधी द्रव्य नसताना नियम मात्र तोच असावा, यावरून हा आचार कळलावीच्या रासायनिक गुणांतून निघालेला नसून अडलेल्या प्रसूतीच्या भयातून निघालेला आहे, असे अनुमान करता येते.

वऱ्हाडातील परंपरा : गाविलगड डोंगररांगांतील मेळघाटात (चिखलदरा व धारणी तालुके) प्रामुख्याने कोरकू, तसेच गोंड, निहाल, गवळी इ. समाजांची वस्ती आहे. कोरकू ही मुंडा भाषासमूहातील भाषा होय. गावाच्या धार्मिक विधींत व आजारपणात भूमका आणि पडियार यांना मान असतो. दाई प्रसूतीचे काम पाहते. वनौषधींचे ज्ञान, देवदेवस्कीचे निदान आणि विधी ही तिन्ही या परंपरेत एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. पावसाळ्यात ओढेनाले भरून गावांचा संपर्क तुटे, अशा दुर्गम भागात अडलेल्या स्त्रीजवळ दाई व मुळी यांखेरीज दुसरे काही नसे, हे या उपचारांचा विचार करताना विसरता येत नाही.

प्रसूतीखेरीज कंदाचा लेप विंचवाच्या व सापाच्या दंशावर, सांधेदुखीवर, गळवांवर व त्वचारोगांवर लावण्याची, पानांचा रस डोक्यातील उवा मारण्यासाठी वापरण्याची आणि गुरांना जंतांवर कंद देण्याची प्रथा भारताच्या अनेक भागांत आढळते. सर्पदंशावर या लेपाचा उपयोग होत असल्याचा पुरावा नाही. तेथे प्रतिसर्पविष हाच उपचार असून लेप लावण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

आयुर्वेदीय उपयोग : आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांत केली आहे. कंद औषधात घेण्यापूर्वी त्याचे शोधन करतात. यासाठी तुकडे गोमूत्रात भिजत ठेवून धुऊन वाळवितात. अशा शोधनाने कंदातील विषारी अल्कलॉइडाचे प्रमाण घटते, असे रासायनिक तपासणीत दिसून आले आहे. ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. मूळव्याधीवर बाहेरून लावण्याच्या कासीसादि तेलात लांगली हा एक घटक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई (१) अनुसूचीतील विषारी द्रव्यांत लांगलीचा समावेश असल्याने ती असलेले पोटात घ्यावयाचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते.

विषारी घटक : एकोणिसाव्या शतकात सी. जे. एच. वॉर्डन यांनी कंदातून ‘सुपर्बीन’ नावाचे द्रव्य वेगळे केले. डिमॉक, वॉर्डन व हूपर यांच्या फार्माकोग्राफिया इंडिका (१८९०–९३) या ग्रंथात या वनस्पतीची माहिती आहे. त्या काळी तिच्या विषारीपणाबद्दल मतभेद होते. मद्रासचे मोहिदीन शरीफ यांनी स्वतः अल्प मात्रेत कंद घेऊन तो समजतात तितका घातक नसल्याचे मत दिले होते. १९१५ मध्ये क्लेवर, ग्रीन व टुटिन यांनी कंदात कॉल्चिसीन असल्याचे दाखविले व वादाचा निकाल लागला. कॉल्चिसीन हे अल्कलॉइड १८२० मध्येच पेल्त्ये व काव्हांतू यांनी कॉल्चिकम (सुरंजान) या त्याच कुलातील वनस्पतीतून मिळविले होते. कळलावीच्या सर्व भागांत ते असून बियांत त्याचे प्रमाण कंदापेक्षा अधिक असते.

कॉल्चिसीन कोशिकांतील ट्युब्युलिन या प्रथिनास चिकटते. त्यामुळे सूक्ष्मनलिका तयार होत नाहीत आणि कोशिकाविभाजन मध्येच थांबते. ज्या ऊतकांत विभाजन जलद चालते, त्या आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा व केसांची मुळे यांस म्हणून प्रथम इजा होते. विषबाधेत काही तासांत घसा व पोटात आग, ओकाऱ्या, जुलाब सुरू होऊन शरीरातील पाणी घटते. पुढील काही दिवसांत रक्तातील कोशिका कमी होतात, मूत्रपिंड व हृदय यांचे कार्य बिघडते. रुग्ण वाचल्यास साधारणतः दुसऱ्या आठवड्यात केस गळतात. श्रीलंकेतील अशा एका रुग्णाचे वर्णन १९६६ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या विषावर सहज उपलब्ध असा उतारा नाही. त्वरित रुग्णालयात नेणे हाच उपाय होय. रताळे वा इतर खाद्य कंद समजून खाल्ल्याने, तसेच गर्भपातासाठी पोटात घेतल्याने मृत्यू घडले आहेत. बचनाग हे नाव महाराष्ट्रात कळलावीस व ॲकोनाइट या हिमालयातील सर्वस्वी निराळ्या विषारी वनस्पतीसही लावतात. हा नामसंभ्रमही धोक्याचा आहे.

कंदाच्या अर्काने गर्भाशयाचे आकुंचन होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे पोटात दिलेल्या मुळीच्या गुणाविषयीचा समज सर्वस्वी निराधार नव्हता. मात्र परिणाम घडविणारी मात्रा व मारक मात्रा यांत सुरक्षित अंतर नसल्याने प्रसूतीत तिचा वापर करता येत नाही. बांधलेले मूळ स्वतः अपाय करीत नाही. परंतु मूल आडवे असणे, वार अडकणे वा रक्तस्राव होणे यांवर ते काहीच करू शकत नाही आणि त्यावर विसंबून गेलेला काळ भरून येत नाही. जननी सुरक्षा योजना (२००५) सुरू झाल्यानंतर रुग्णालयातील प्रसूतीस उत्तेजन मिळाले. महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने (२०१३) साप, विंचू वा कुत्रा चावल्यावर रुग्णास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरविला आहे. वनौषधींचे ज्ञान वा त्यांचा वापर या तरतुदीने निषिद्ध होत नाही.

आर्थिक महत्त्व व संवर्धन : कॉल्चिसीन संधिरोगावर (गाउट) व काही दाहक विकारांवर ठराविक अल्प मात्रेत देतात. १९३७ पासून वनस्पतिप्रजननात गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी त्याचा वापर होऊ लागला. बियांच्या निर्यातीसाठी तमिळनाडूत कळलावीची शेती करतात. ती त्या राज्याचे राज्यपुष्प, तर झिंबाब्वेचे राष्ट्रीय पुष्प आहे. लागवड कंदांपासून अथवा बियांपासून होते. रानातील कंद खणून काढल्यास वेलच नाहीशी होते; बिया गोळा केल्यास ती टिकते. अकोला जिल्हा व मेळघाट व्याघ्र प्रकल्प या दोहोंच्या वनश्रीच्या नोंदी १९८८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. वनस्पतींच्या अशा नोंदींबरोबर दाया व भूमका यांच्याकडील माहितीही, तीतील उपयुक्त भाग, घातक भाग व केवळ विधीचा भाग वेगळा दाखवून, नोंदविणे आवश्यक आहे; कारण ही माहिती बहुतांशी मौखिक असून ती जाणणाऱ्या पिढीबरोबर लोप पावत आहे.

[→ आघाडा, कॉल्चिकम, कोरकू, बचनाग, यातुविद्या].