न आलेल्या पत्त्याची चाहूल

सर्व भिडूंनी मिळून खेळायच्या पत्त्यांच्या खेळात पुढे कोणता पत्ता येणार, याचे तर्क जगभर लढवले जातात. या तर्कांमागे साधे गणित आहे, कथेचे बारकाईने केलेले वाचन आहे आणि आपल्या दशावतारी गंजिफ्याशी जुळणारा एक धागाही आहे.

द्वारका (नाशिक) : मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, त्या द्वारका चौकातून रोज ये-जा करणाऱ्या नाशिककराला अंदाज बांधण्याची सवय जडलेली असते. पुढची रिक्षा पुण्याकडे वळणार की सरळ आडगावकडे जाणार, हे तो तिच्या वेगावरून आणि चालकाच्या मानेवरून ओळखतो. चौकाची घडी पाठ असली की थोड्याशा खुणाही पुरतात. पत्त्यांच्या एका आधुनिक खेळाचे रसिक नेमके हेच करतात. फरक एवढाच, की त्यांना ज्याचा अंदाज बांधायचा असतो तो पत्ता अद्याप छापूनही आलेला नसतो.

या खेळाचे नाव 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम'. जे. आर. आर. टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतील अद्भुत जगावर बेतलेला हा खेळ अमेरिकेतील 'फँटसी फ्लाइट गेम्स' या कंपनीने २०११ मध्ये बाजारात आणला. नेट फ्रेंच यांनी त्याची मूळ रचना केली आणि पुढे केलेब ग्रेस यांनी ती जबाबदारी सांभाळली.

सारे भिडू एका बाजूला

मेंढीकोट असो वा रमी, आपल्याकडच्या पत्त्यांच्या डावात कोणी तरी जिंकतो आणि कोणी तरी हरतो. या खेळात मात्र सर्व भिडू एकाच बाजूला असतात. त्यांच्या विरोधात असतो तो संकटांच्या पत्त्यांचा गठ्ठा. त्यातून शत्रू, दुर्गम स्थळे आणि विश्वासघात आपोआप समोर येत राहतात. प्रत्येक भिडू जास्तीत जास्त तीन नायक निवडतो आणि किमान ५० पत्त्यांचा आपला कॅट घरूनच जुळवून आणतो. धोक्याचा आकडा ५० वर पोहोचला की तो भिडू बाद होतो. जिंकले तर सगळे जिंकतात, हरले तर सगळेच हरतात.

नवे पत्ते विकण्याची पद्धतही वेगळी होती. १९९३ मध्ये आलेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळात बंद पाकिटातून कोणते पत्ते निघतील हे नशिबावर अवलंबून असते. इथे मात्र प्रत्येक पाकिटात काय आहे हे ठरलेले असे आणि ते सर्वांना सारखेच मिळे. मोठ्या संचाला जोडून सहा-सहा छोट्या पाकिटांची मालिका निघत असे. त्यामुळे 'मला काय मिळेल' हा प्रश्न मिटला आणि त्याची जागा 'आता काय येईल' या प्रश्नाने घेतली. तर्कांचा खेळ सुरू झाला तो इथून.

साच्यावरून अंदाज

तर्काला पहिला आधार असतो तो साच्याचा. या खेळातील पत्ते नेतृत्व, रणनीती, आत्मबल आणि ज्ञान अशा चार क्षेत्रांत विभागलेले आहेत. पहिल्या मालिकेतील 'द हंट फॉर गॉलम' या पाकिटात एक नायक, प्रत्येक क्षेत्राचे दोन आणि कोणत्याही क्षेत्रात न मोडणारा एक अशी खेळाडूंच्या पत्त्यांची मांडणी होती. पत्त्यांवरील क्रमांकही याच क्रमाने चालतात. साहजिकच, पुढच्या पाकिटातील एखाद्या पत्त्याची आगाऊ झलक दिसली, तर केवळ क्रमांकावरून तो कोणत्या क्षेत्राच्या आसपासचा असेल आणि कोणती जागा अजून रिकामी आहे, हे सांगता येत असे.

याच पाकिटात नेतृत्वाशी निगडित 'साँग ऑफ किंग्ज' नावाचे गीत होते. क्षेत्रे चार आणि गीत एक, हे पाहणाऱ्याला उरलेल्या तीन गीतांची चाहूल तिथेच लागायला हवी. मालिका पूर्ण होईपर्यंत ज्ञान, आत्मबल आणि रणनीती या क्षेत्रांचीही गीते आली. हा तर्क करण्यासाठी कोणत्याही आतल्या बातमीची गरज नव्हती.

बेरजेचा नियम आणि त्याचे अपवाद

दुसरा आधार गणिताचा. प्रत्येक नायकाच्या पत्त्यावर निर्धार, आक्रमण, संरक्षण आणि प्राण असे चार आकडे असतात. सर्वसाधारणपणे या चारांची बेरीज म्हणजेच त्या नायकाचा धोक्याचा आकडा. अ‍ॅरागॉर्नचे आकडे २, ३, २ आणि ५ आहेत, त्याचा धोका १२. एओविनचे ४, १, १ आणि ३, तिचा धोका ९. नायक जितका बलवान, तितका तो शत्रूच्या नजरेत लवकर भरतो, असा यामागील विचार आहे. ही किल्ली हाती आली की न आलेल्या नायकाचे आकडेही मांडून पाहता येतात. गँडाल्फ हा जादूगार मूळ संचात केवळ एका फेरीपुरता मदतीला येणारा साथीदार होता. तो नायक म्हणून आला तर त्याचा धोका किती असेल, हे गणित त्यामुळे कोणालाही करता येण्याजोगे होते. २०१४ च्या 'द रोड डार्कन्स' या संचात तो ३, ३, ३ आणि ५ अशा आकड्यांनिशी नायक होऊन आला आणि त्याचा धोका १४ होता. नियम तंतोतंत पाळला गेला.

मात्र नियमावर विसंबून राहणाऱ्याची फसगतही होते. बिल्बो बॅगिन्सच्या आकड्यांची बेरीज ६ भरते, पण त्याच्या पत्त्यावर धोका ९ छापलेला आहे. उलट २०१२ मध्ये आलेल्या आत्मबल क्षेत्रातील ग्लॉरफिंडेलच्या आकड्यांची बेरीज १२ असून धोका अवघा ५ आहे. पत्त्याच्या अंगी विशेष गुण असेल, तर रचनाकार त्याची किंमत वाढवतो, आणि उणीव असेल तर घटवतो. चांगला तर्क करणारा म्हणूनच बेरीज करून थांबत नाही. या नायकाला नियम मोडण्याचे काय कारण असू शकेल, हेही तो विचारतो.

पंचवटीचा पट मांडला तर

तिसरा आधार कथेचा. हा मुद्दा नाशिककरांना समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. समजा, पंचवटीतील वनवासावर असाच खेळ निघाला. पहिल्या संचात राम, सीता, लक्ष्मण आणि जटायू हे नायक आहेत, शूर्पणखा आणि मारीच संकटांच्या गठ्ठ्यात आहेत. हनुमान मात्र कुठेच नाही. रामायण ऐकलेले कोणतेही पोर सांगेल, की हनुमानाचा पत्ता येणारच. त्याचे आकडे कोणते असतील, यावर मग वाद रंगेल. एक म्हणेल आक्रमण जास्त हवे, दुसरा म्हणेल त्याचे खरे बळ भक्तीचे, म्हणून निर्धार जास्त हवा. तिसऱ्याला आठवेल, की हनुमानाला स्वतःच्या शक्तीचा विसर पडलेला असतो, तेव्हा दुसऱ्या भिडूने आठवण करून दिल्यावरच त्याचा गुण जागा व्हायला हवा.

हा वाद वरकरणी पत्त्याचा, पण प्रत्यक्षात तो रामायणाच्या आकलनाचा असतो. टोल्किनच्या वाचकांचेही तसेच झाले. मूळ संचातील बारा नायकांत फ्रोडो नव्हता आणि बोरोमीरही नव्हता. त्या दोघांवाचून ही कथा पुढे सरकत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. पहिल्याच मालिकेत दोघेही आले. दुसरीकडे थॅलिन, बेरावोर यांसारखे नायक मूळ कादंबरीत नाहीत. ते रचनाकारांनी नव्याने निर्माण केले. कथा कितीही पाठ असली, तरी त्यांचा अंदाज कोणालाही बांधता आला नसता.

कल्कीचा पत्ता

अद्याप न आलेल्याचे चित्र रंगवण्याची ही हौस महाराष्ट्राला नवी नाही. सावंतवाडीच्या राजघराण्याने ज्या गंजिफा कलेला विसाव्या शतकात नवसंजीवनी दिली, तिच्या दशावतारी प्रकारात १२० गोल पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने. यातील दहावा रंग कल्कीचा. कल्की अजून अवतरलेला नाही. तरीही चिताऱ्यांनी त्याचा घोडा आणि त्याची तलवार पिढ्यान्‌पिढ्या रंगवली आणि खेळणाऱ्यांनी तो पत्ता बिनदिक्कत डावात टाकला. परंपरेने त्याचे वर्णन आधीच करून ठेवले होते, म्हणून त्याच्या येण्याची वाट पाहावी लागली नाही.

पत्ते थांबले तेव्हा

तर्काची खरी कसोटी मात्र वेगळ्याच वळणावर लागली. २०२० मध्ये कंपनीने या खेळाच्या नव्या मालिकांना विराम दिला. २०२२ पासून सुधारित मूळ संच आणि जुन्या मालिका नव्या बांधणीत बाजारात आल्या. पण पुढच्या पाकिटाची जी वाट वर्षानुवर्षे पाहिली जात होती, ते पाकीट आता येणार नव्हते. दरम्यानच्या काळात रसिकांपैकीच काहींनी 'अ लाँग-एक्स्टेंडेड पार्टी' या नावाने एकत्र येऊन स्वतः पत्ते रचण्यास सुरुवात केली. रोहानच्या घोडेस्वारांवर आधारलेली मालिका त्यांनी सिद्ध केली आणि ती छापून खेळण्यासाठी सर्वांना खुली केली.

वर्षानुवर्षे तर्क लढवून रसिकांना खेळाचा साचा, बेरजेचे नियम, त्यांचे अपवाद आणि कथेतील रिकाम्या जागा पाठ झाल्या होत्या. हीच जाण पुढे निर्मितीचे भांडवल ठरली. प्रकाशकाने हात आखडता घेतला की अनेक खेळ कपाटात जाऊन पडतात. हा खेळ टिकून राहिला, कारण त्याचे भिडू केवळ पत्ते येण्याची वाट पाहत नव्हते. वाट पाहता पाहता ते पत्ता घडवायला शिकले होते.