चूक कंपायलरची कीं आपली ?

गेल्या वर्षीं आमच्या संगणकवर्गांतील एक विद्यार्थी अगदीं रडकुंडीस आला होता. सी भाषेंत लिहिलेली त्याची आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, साध्या रीतीनें कंपाइल केली असतां ठीक चाले. परंतु ती जलद चालावी म्हणून ‘ओ-दोन’ ही खूण देतांच ती थांबतच नसे. “सर, कंपायलरच चुकतो,” असें तो म्हणे. हा आरोप आपण तपासून पाहूं.

मनुष्यानें लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेंत उतरविणारा जो दुभाषा, त्यास कंपायलर म्हणतात. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं आय. बी. एम. कंपनींत फोरट्रॅनचा कंपायलर सिद्ध केला. यंत्रानें केलेलें भाषांतर हातानें लिहिलेल्या यंत्राज्ञांइतकें जलद चालेल काय, अशी तेव्हां अनेकांस शंका होती. म्हणून भाषांतरांतच श्रमांची काटकसर साधणें त्यांस प्रारंभापासून भाग पडलें.

ही काटकसर कशी असते ? १ पासून इष्ट संख्येपर्यंतची बेरीज करण्यास आपण एकेक संख्या मिळविणारा लूप लिहितों. क्लँग नांवाचा कंपायलर, ‘ओ-दोन’ असतां, तो लूपच काढून टाकतो आणि अंकगणिती श्रेढीच्या सूत्रासारख्या गुणाकार-भागाकारानें एकदम उत्तर काढतो. ‘एस’ ही खूण दिल्यास या यंत्राज्ञा आपणांस वाचतां येतात. तेथें आपला लूप शोधूनहि सांपडत नाहीं; उत्तर मात्र तेंच येतें. सारांश, कंपायलर आपल्या पायऱ्यांस बांधलेला नाहीं. भाषेच्या नियमांप्रमाणें निघणाऱ्या फलास बांधलेला आहे.

आतां त्या विद्यार्थ्याकडे वळूं. त्यानें असा पहारा ठेविला होता: ‘एक मिळवूनहि संख्या वाढली नाहीं, तर थांब.’ बत्तीस बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. साध्या रीतींत तिच्यापुढें एक मिळवितांच संख्या ऋण होई व पहारा काम करी. परंतु ऋण-धन पूर्णांकाची बेरीज मर्यादेबाहेर गेल्यास काय व्हावें, हें सी भाषा सांगतच नाहीं. तसें न होऊं देणें हें लिहिणाराचें कर्तव्य मानिलें आहे. म्हणून कंपायलरनें विचार केला: एक मिळविल्यावर संख्या वाढणारच, मग पहारा कशाला? त्यानें तो पुसून टाकिला. चूक दुभाष्याची नव्हती. मूळ वाक्यच नियमबाह्य होतें.

यावरून कांहीं उपयुक्त नियम निघतात. कंपायलरनें चुकांची लांबलचक यादी दिली, तर पहिली चूक आधीं सुधारा. एक अर्धविराम राहिला तरी पुढें अनेक खोट्या चुका दिसतात. ‘अमुक नांवाचा संदर्भ सांपडला नाहीं’ अशी तक्रार लिंकरची असेल, तर नांव उच्चारलें आहे, परंतु तें काम करणारी फाइल किंवा लायब्ररी जोडावयाची राहिली, असें बहुधा समजावें. ‘ओ-शून्य’ व ‘ओ-दोन’ यांची उत्तरें भिन्न आलीं, तर सर्व इशारे चालू करा, अनिश्चित वर्तन शोधणारा सॅनिटायझर लावा, आणि आज्ञावली कापीत कापीत दोष दिसेल इतकीच ठेवा.

कंपायलर कधींच चुकत नाहीं, असें मात्र नव्हे. २०११ सालीं युटा विद्यापीठांतील संशोधकांनीं निरनिराळ्या सी कंपायलरांत ३२५ हून अधिक अज्ञात दोष आढळल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु तो आरोप त्यांनीं पुराव्यानिशीं सिद्ध केला होता.

आमच्या विद्यार्थ्यानें आपला पहारा बेरजेच्या आधीं नेला: ‘संख्या कमाल मर्यादेस पोंचली, तर थांब.’ आज्ञावली दोन्ही रीतींनीं नीट थांबली. दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं स्वतःचें लिखाण पुनः वाचावें, हा धडा त्यास त्या दिवशीं मिळाला. आणि खरें सांगावयाचें तर, त्याच्याबरोबर आम्हांसहि.