भिंतीवरचा गुमास्ता

वाशी स्टेशनजवळच्या एका व्यावसायिक इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एका एजंटाकडे शेजारच्या मुलीबरोबर गेलो होतो. मुलगी बी.ए. बी.एड., कोपरखैरण्याच्या खासगी शाळेत इंग्रजी शिकवते. थायलंडमध्ये इंग्रजीच्या शिक्षकांना मागणी आहे, असं तिथून तिला फोनवर सांगितलं होतं. टेबलापलीकडच्या तरुणाने पाणी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "काका, सगळं लीगल आहे, भिंतीवर बघा." मी चष्मा लावून उठलो. पाच फ्रेमा होत्या. गुमास्ता, जीएसटी, उद्यम, आयएसओ आणि एका गणेशोत्सव मंडळाचं आभारपत्र.

भिंत भरलेली दिसली की आपण गप्प बसतो. पण गुमास्ता म्हणजे आस्थापनेची नोंद, ती झेरॉक्सवाल्याकडेही असते. उद्यमची नोंद घरबसल्या फुकटात होते. परदेशी नोकरीसाठी माणसं भरण्याचा परवाना यातला एकही कागद देत नाही. तो १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स यांच्याकडून मिळतो. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. परवाना चालू आहे, संपला आहे की निलंबित आहे, तेही तिथे कळतं. बेकायदा एजंटांची वेगळी यादीही तिथेच आहे.

इथे एक मेख आहे आणि ती मुरलेले एजंट बरोबर पकडतात. कायद्यातल्या 'काम' या शब्दाच्या व्याख्येत मजूर, वाहनचालक, परिचारिका, टंकलेखक, विक्रेते अशी कामं नावानिशी दिली आहेत. इतर कामं सरकार अधिसूचनेने त्यात घालू शकतं, पण मूळ व्याख्येत शिक्षकाचं नाव नाही. मग "टीचरला लागत नाही हो परवाना" हे ठरलेलं उत्तर येतं. वकिली वाद वकिलांनी घालावा. मी विचार करतो तो पैशाचा. नोंदणीकृत एजंटाने सरकारकडे बँक गॅरंटी ठेवलेली असते, मोठ्या एजंटासाठी ती ५० लाख रुपयांची आहे. त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन जायला ठिकाण आहे, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात. नोंदणी नसलेल्याच्या बाबतीत आपल्या हातात काय उरतं? भाड्याच्या गाळ्याचं कुलूप.

"माझा पासपोर्ट ईसीएनआर आहे, म्हणजे सरकारने तपासून घेतलंच आहे" हा समज शिकलेल्यांमध्ये जास्त. दहावी पास माणसाला ईसीएनआर मिळतो. त्याचा अर्थ एवढाच की ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना एमिग्रेशनची पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही. त्या १८ देशांत थायलंड, मलेशिया आणि आखातातले देश आहेत. म्हणजे कमी शिकलेल्या गवंड्याचा करार सरकारी नजरेखालून जातो आणि बी.एड. झालेल्या बाईंचा जात नाही. तपासायचं काम आपल्याच गळ्यात.

आता फी. "जास्त पैसे घेतो म्हणजे वरपर्यंत ओळख असणार" असं आमच्या सोसायटीत एक निवृत्त बँक मॅनेजर छातीठोक सांगतात. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४०० रुपये. तेही पावती देऊन. संयुक्त अरब अमिरातीचा कामगार कायदा तर भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारायला मनाई करतो. वाशीच्या त्या टेबलावर दीड लाखाची गोष्ट चालली होती. मुलीने पावतीचं विचारलं. "मिळेल ना ताई, कौन्सिलिंग आणि ट्रेनिंगच्या नावाने." पावतीवर नोकरी हा शब्दच नसेल, तर नोकरी मिळाली नाही म्हणून भांडायचं कशावर?

ट्रेनिंग म्हणजे टेफल, परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स. १२० तासांचा टेफल केला की जगात कुठेही नोकरी, हे आणखी एक पिल्लू. टेफलला जगभरात मान्यता देणारी एकच अशी संस्था नाही. केंब्रिजचा सेल्टा वजनदार, पण पासपोर्टचं बंधन तोही काढत नाही. दक्षिण कोरियाचा ई-२ हा भाषाशिक्षकांचा व्हिसा इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. २०१० मध्ये अमलात आलेल्या भारत-कोरिया करारामुळे इंग्रजी शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना एक अरुंद दार उघडलं, एवढंच. त्यामुळे "कोरियात खासगी क्लासमध्ये लावतो" म्हणणाऱ्यासमोरून उठावं. मालदीवच्या शाळांत भारतीय शिक्षक वर्षानुवर्षं आहेत, आखातात भारतीय शाळा आहेत, तिथे बी.एड.ला किंमत आहे. त्यांची नावं एजंट सहसा आधी घेत नाही, त्यात झगमगाट नसतो.

सगळ्यात घातक वाक्य शेवटी आलं: "आधी टुरिस्ट म्हणून जा, तिथे कन्व्हर्ट करून देतो." थायलंडमध्ये शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती मुभा लागते. पर्यटक म्हणून उतरलेला माणूस वर्गात उभा राहिला तर गुन्हेगार तोच ठरतो, एजंट नव्हे. थायलंडच्या नावाने नेलेले कितीतरी जण सीमेपलीकडे म्यानमारच्या सायबर-फसवणूक केंद्रांत पोचले. मार्च २०२५ मध्ये भारताने थायलंडमधल्या माए सोतमार्गे ५४९ जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. त्यांना दाखवलेल्या नोकऱ्या संगणकावरच्या होत्या, शिक्षकाच्या नव्हत्या. पण न्यायची तऱ्हा हीच.

मुलीने ऑफर लेटर मागितलं. तरुणाने मोबाइल पुढे केला. शाळेचं नाव होतं, शिक्का होता, पगार बाथमध्ये लिहिला होता. ई-मेल मात्र फुकटातल्या जीमेलचा, मुख्याध्यापकांचं नाव नाही. तिने विचारलं, "डेमो लेसन कधी घेणार?" तो हसला. "त्याची गरज नाही ताई, सिलेक्शन झालंय."

या मुलीला कोपरखैरण्याच्या शाळेतसुद्धा दोन डेमो द्यावे लागले होते.

परवाना क्रमांक मागितल्यावर त्याने कार्डाच्या मागे लिहून दिला. खाली येऊन चहा सांगितला आणि तिने तो तिथेच मोबाइलवर टाकला. क्रमांक खरा होता. पण तो दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्याच फर्मचा होता आणि यादीत वाशीची शाखा नव्हती. यादीतल्या फोनवर तिने विचारलं. पलीकडचे गृहस्थ वैतागून म्हणाले, "मॅडम, या आठवड्यातल्या तुम्ही चौथ्या."