सागाची शीव

हुबळीहून लोंढ्याकडे जाणाऱ्या आगगाडीत खिडकीजवळ बसण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांनी एक गोष्ट खचित पाहिली असेल. धारवाड सुटले की आमराया आणि मोकळी शेते लागतात; अळणावरच्या सुमारास सागाची रुंद पाने दिसू लागतात; आणि लोंढा मागे टाकून गाडी कॅसलरॉकला पोहोचते, तो सदाहरित अरण्य आपल्याला वेढून टाकते. धारवाडपासून हे अंतर जेमतेम शंभर किलोमीटरांचे. एवढ्यात तीन प्रकारची झाडी बदलते, याचे मुख्य कारण पाऊस होय. धारवाडात तो वर्षाकाठी सुमारे ८०० मिलिमीटर पडतो. घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट.

सागाला पाऊस भरपूर हवा, परंतु पाने गाळण्यासाठी तीन ते पाच महिन्यांचा कोरडा काळही हवा. जेथे वर्षभर ओल टिकते, तेथे दाट सदाहरित वृक्ष त्याला ऊन मिळू देत नाहीत. जेथे पाऊस अगदी थोडा, तेथे तो खुरटतो. हळियाळ-दांडेलीचा साग या दोन शिवांच्या मध्ये उभा आहे. चंदन, म्हणजे कन्नडातला श्रीगंध, कोरड्या बाजूचा. आमसुलाचे झाड ओल्या बाजूचे. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या घरी त्याला भिरंड म्हणतात. माझ्या आईने धारवाडच्या परसात त्याचे रोप दोनदा लावले आणि दोन्ही वेळा ते उन्हाळ्यात वाळले. आमटीतली सोलां गोव्याहूनच येत राहिली.

या शिवा दगडावर कोरलेल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पृथ्वीचे सरासरी तापमान एका अंशाहून अधिक वाढले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली भारतातील वनांच्या नकाशाचे चौकोन पाडून २०८५ च्या सुमाराचा अंदाज प्रसिद्ध केला. धूर-वायू किती वाढतील याविषयी दोन निरनिराळी गृहीते धरली, तेव्हा एका हिशेबाने ६८, तर दुसऱ्याने ७७ टक्के चौकोनांत वनाचा प्रकार पालटण्याचा संभव दिसला. इतकी अरण्ये नाहीशी होतील, असा याचा अर्थ नव्हे. तेथील हवा आजच्या झाडांना मानवणारी राहणार नाही, इतकाच.

मग झाडांनी सरकावे कसे? झाड सरकते ते बियांच्या रूपाने, पिढी-पिढीने. सागाचे फळ टणक. ते बहुधा झाडाच्या आसपासच पडते आणि सावकाश रुजते. चंदनाचे बी पक्षी दूर नेतात खरे, पण चंदन अर्धे परोपजीवी आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांतून पोषण घेतात, म्हणून नव्या जागी शेजारीही हवा. डोंगर चढून गारव्याला जावे, तर हजार मीटरांमागे सुमारे सहा अंश हवा थंड होते; पण आपल्याकडचा सह्याद्री नीलगिरीएवढा उंच कोठे आहे? शिवाय मध्ये उसाचे मळे, रस्ते आणि गावे.

हा बदल डोळ्यांना चटकन दिसत नाही. जुना वृक्ष तग धरतो. त्याच्या पायाशी रोपे उगवेनाशी होतात. तेव्हा जंगलात गेल्यावर मान वर करून खोड पाहावे, तसेच खाली वाकून रोपेही पाहावीत. साग पावसाला किती हळवा आहे, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. केरळातील सागाच्या खोडांवरील ५२३ वर्षांची वर्तुळे त्यांनी मोजली. अवर्षणाच्या साली ती अरुंद आढळली.

२००१ साली कर्नाटकाने कायदा बदलून आपल्या जमिनीतील चंदनाची मालकी शेतकऱ्यास दिली. तेव्हापासून अनेकांचे लक्ष या झाडाकडे वळले आहे. मागच्या जूनमध्ये कलघटगीकडील एका पालकांनी मला विचारले, "गुरुजी, बांधावर साग लावू की चंदन?" मी पडलो कलाशाखेचा पदवीधर, तरी वाचलेले सांगितले. सागाची तोडणी पन्नास-साठ वर्षांनी, म्हणजे त्यांच्या नातवंडांच्या काळातली, आणि त्या वेळचा पाऊस आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकाच झाडावर सारा बांध टाकू नये, असे मला वाटले. त्यांनी निम्म्या बांधावर साग लावला. उरलेल्यावर चंदन आणि त्याच्या सोबतीला तूर.