चावी ज्याच्या त्याच्या नावाची

आमच्या कार्यालयात एक मुलगी रुजू झाली. तिचे संगणकावरचे खाते उघडायला पंधरा दिवस लागले. तोवर निवृत्त साहेबांच्या पासवर्डवर काम चालले. पुढे एक चुकीची नोंद सापडली, तीही साहेबांच्या नावावर! साहेब तर घरी. चौकशी मुलीची झाली. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार २००९ पासून गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. आपली लबाडी नव्हती, हे पटवता पटवता बिचारी रडकुंडीला आली.

वास्तविक माणूस रुजू होण्याआधीच विभागप्रमुखाने लेखी मागणी करावी. ‘अमक्यासारखेच अधिकार द्या’ असे मोघम नको, कामे लिहावीत. नोंद करणाऱ्याकडेच मंजुरीचा अधिकार नसावा. आणि निरोपाच्या दिवशीच खाते बंद. आम्ही साहेबांना शाल-श्रीफळ तेवढे दिले होते.